कंडक्टरकाकांचा अंगठा आणि मी

मला एकच आवाज काढता येतो. 'टक्'. दुसरा मला कोणी शिकवला नाही आणि या वयात मी तो शिकेन अशी आशाही नाही. मित्रांनो, मी एक जुना क्लिकर आहे. कुत्र्याला शिकवताना माणसं हातात धरतात ती निळी डबी. काडेपेटीपेक्षा थोडी लहान, आत पोलादाची एक वाकवलेली पट्टी. पट्टी दाबली की मी वाजतो, बस्स. घड्याळासारखी चाकं माझ्यात नाहीत की रेडिओसारख्या तारा नाहीत. पण या एवढ्याशा आवाजावर एक जीव कसा तगला, आणि त्याच आवाजापायी तो हातचा जाता जाता कसा राहिला, ते तुम्हाला सांगावं असं फार दिवस मनात आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका मशीनमधून डब्यांची झाकणं गरम गरम बाहेर पडायची, दुसऱ्या मशीनवर पट्ट्या कापल्या जायच्या. टेबलापाशी एक चष्मेवाली बाई बसायची. ती पट्टी डबीत बसवायची, डबी कानाशी धरायची आणि एकदाच वाजवायची. ज्याचा आवाज बसका निघे तो टोपलीत जाई. मला वाजवून तिने मान हलवली आणि खोक्यात टाकलं. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती, आणि ती मला अजून आठवते.

खोक्यातून मी जनावरांच्या एका दवाखान्यात आलो. डॉक्टर उंच आणि घाईतले. त्यांच्या हाताखालच्या मदतनीस बाई मात्र सावकाश बोलणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या. डॉक्टरांना पाहून भुंकणारे कुत्रे बाईंना पाहून आडवे पडत. कुत्रा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्या माझ्याबद्दल तेच सांगायच्या.

"हा वाजला की खाऊ मिळालाच पाहिजे. आधी आवाज, लगेच खाऊ. एकदाही चुकायचं नाही. कुत्र्याला आपलं बोलणं कळत नाही, पण हा आवाज कळतो. ह्याचा अर्थ, तू आत्ता जे केलंस ते बरोबर, आणि त्याचं फळ हे घे."

ऐकताना माझी छाती फुगायची. छाती नाही मला, तरी फुगायची.

तिथेच एके दिवशी कंडक्टरकाका आले. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. अंगाने दणकट, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. बरोबर काकू, आणि काकूंच्या पदराआड दडलेला एक तपकिरी, बुटक्या पायांचा कुत्रा. त्याचं नाव फुकट्या. हे काय नाव, म्हणून बाई हसल्या, तेव्हा काकांनी ऐटीत खुलासा केला. "शेवटच्या फेरीला मागच्या सीटखाली सापडला होता, एवढासा. विनातिकीट! सोडतो होय मी? घरी आणला आणि डांबून ठेवला. झाली त्याला सात वर्षं."

पण तो हसण्याचा दिवस नव्हता. फुकट्या महिनाभर रोज बादलीभर पाणी पीत होता आणि तरी वाळत चालला होता. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की त्याला मधुमेह आहे. रोज दोन वेळा, जेवण झाल्या झाल्या, मानेजवळच्या सैल कातडीत इन्सुलिनची सुई द्यायची. जन्मभर.

काका म्हणाले, "द्यायची तर द्यायची. त्यात काय एवढं."

त्यात बरंच होतं. पहिल्या दिवशी काकांनी त्याला दोन्ही हातांनी धरला, काकूंनी सुई दिली. दुसऱ्या दिवशी त्याने काकांच्या मनगटाचा लचका तोडला. सात वर्षांत त्या कुत्र्याने त्यांना दात दाखवला नव्हता. तिसऱ्या दिवशी तोंडाला मुसकी बांधली, तेव्हा त्याने जागच्या जागी लघवी केली आणि काकू रडायला लागल्या. चौथ्या दिवसापासून तो जेवेना. जेवण झालं की सुई येते, एवढं गणित त्याला नीट जमलं होतं. काका-काकू त्याला घेऊन पुन्हा दवाखान्यात आले.

"तो जेवला नाही तर सुई देता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि सुई दिली नाही तर तो जगत नाही. असं किती दिवस काढणार? पंधरा दिवस बघा. नाहीच जमलं तर त्याचे हाल करण्यात अर्थ नाही." पुढचं त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. काका-काकूंना ते कळलं.

तेव्हा बाईंनी मला खिशातून काढून काकांच्या हातावर ठेवलं. त्यांनी बेत सांगितला. पंधरा दिवस घरी सुई नाही. सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात आणा, ते पाप आम्ही करू. घरी फक्त एक बुटकं स्टूल मांडा. फुकट्याने स्टुलाकडे बघितलं की मला वाजवा आणि उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्या. मग स्टुलापाशी आला की. मग हनुवटी टेकली की. हनुवटी टेकली याचा अर्थ, मी तयार आहे. हनुवटी उचलली याचा अर्थ, थांबा. "आणि त्याने थांबा म्हटलं की थांबायचं, काका. तुम्हाला कितीही घाई असली तरी."

काकांना हे सगळं पोरखेळ वाटलं. पण मनगटावरची पट्टी बघून त्यांनी मला खिशात टाकलं.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली स्टूल मांडलं गेलं. पहिले तीन दिवस मी जे सुख भोगलं ते कोणाला सांगून पटायचं नाही. टक्, तुकडा. टक्, तुकडा. कॉटखाली तोंड घालून पडलेला फुकट्या तिसऱ्या दिवशी माझा आवाज ऐकून कान उभे करून धावत आला. पाचव्या दिवशी त्याने स्टुलावर हनुवटी टेकली. सातव्या दिवशी काकूंनी पाच आकडे मोजेपर्यंत ती तिथेच ठेवली. काकू शेजारणीला बोलावून दाखवत होत्या. काका म्हणत होते, "कोणाचा कुत्रा आहे!"

आणि मग दृष्ट लागावी तसं झालं.

आठव्या दिवशी मी वाजलो तेव्हा फुकट्याने नुसतं डोकं वर केलं. दहाव्या दिवशी तेही नाही. अकराव्या दिवशी तो पुन्हा कॉटखाली गेला आणि ताटलीकडे पाठ करून बसला. दवाखान्यात त्याला आता दोघांऐवजी तिघं धरू लागले. काका चिडले. आधी कुत्र्यावर, मग काकूंवर, आणि शेवटी माझ्यावर. "हा डबाच बिघडलाय," ते म्हणाले. "पहिल्यासारखा वाजतच नाही."

मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. माझं काय झालं होतं ते मला आठव्या दिवसाच्या आधीपासून ठाऊक होतं. पण मी एकच आवाज काढणारा, कोणाला काय सांगणार?

बाराव्या दिवशी मला परत करायला म्हणून काका दवाखान्यात गेले. बाकावर बाईंसमोर बसून ते तक्रार करू लागले. फुकट्या पायाशी पडला होता. कुत्रा हट्टी झालाय, डबा खराब आहे, तुमची ही पद्धत आमच्यासारख्यांसाठी नाही, असं पुष्कळ बोलले. बाई ऐकत होत्या. पण त्यांचं लक्ष काकांच्या तोंडाकडे नव्हतं, हाताकडे होतं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "आत्ता बोलता बोलता तुम्ही हा किती वेळा वाजवलात?"

"मी? मी कुठे वाजवला?"

"अकरा वेळा."

काकांनी खाली पाहिलं. मी त्यांच्या उजव्या मुठीत होतो आणि अंगठा माझ्यावर होता. एकतीस वर्षं त्या मुठीत तिकिटाचा पंच होता. गर्दीतून वाट काढताना, सुट्ट्याची वाट बघताना, उतारूंशी गप्पा मारताना तो अंगठा पंच वाजवत राहायचा. टिक टिक, तिकीट, तिकीट. निवृत्त झाल्यापासून अंगठ्याला काम नव्हतं, आणि आता त्याला मी सापडलो होतो. पेपर वाचताना काका मला वाजवत. चहा उकळेपर्यंत वाजवत. बातम्या ऐकताना, जिन्यात शेजाऱ्याशी बोलताना, देवाण्णा न्हाव्याकडे नंबर लावून बसल्यावरसुद्धा. पहिले एकदोन दिवस फुकट्या प्रत्येक आवाजाला धावत आला. समोर बसला, शेपूट हलवली, तोंडाकडे बघितलं. काही मिळालं नाही. पुन्हा वाजलो, पुन्हा आला. पुन्हा काही नाही. दिवसाला शंभर वेळा मी त्याला म्हणत होतो, हे घे, आणि हात रिकामा होता. दाबलं की मला वाजावंच लागतं. मला गप्प बसता येत नाही. त्या दिवसांत मला माझ्या जन्माची लाज वाटली.

"बघा," बाई म्हणाल्या, "अकरा वेळा वाजला आणि त्याने कान हलवला नाही. त्याच्या लेखी हा आवाज आता खोटा झालाय. चूक त्याची नाही."

काकांचा चेहरा उतरला. मघाशी भिंती दणाणून सोडणारा आवाज पार खाली आला. "बाई, एकतीस वर्षं नोकरी केली. पंच मारला आणि तिकीट हातात दिलं नाही, असं एकदाही झालं नाही हो. रेटारेटीत नाही, तापात नाही. एकदाही नाही." मग ते फुकट्याकडे बघत राहिले. "आणि ह्याच्याशी मी असं वागलो."

त्यांनी मला परत केलं नाही.

डॉक्टरांनी आणखी आठ दिवस दिले, तोवर सुया दवाखान्यातच, आणि हे शेवटचे असं बजावलं. कुत्र्याच्या बरगड्या आता बाहेरून मोजता येत होत्या. बाईंनी काकांना नवा नियम घालून दिला. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं, आणि चुकून वाजला तरी तुकडा द्यायचाच. "का वाजला ते त्याला माहीत नसतं ना."

घरी येऊन काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू आधी हसल्या. "झोपेतसुद्धा चालतो तो अंगठा तुमचा, मला विचारा!" आणि मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "अहो, पण मलाही कसं नाही कळलं? मी तो आवाज ऐकतच नाही आता. सवय झालीय कानाला."

काकांनी माळ्यावरची कंडक्टरीची चामडी बॅग काढली, पुसली, खांद्याला लावली. तिच्यात तुकड्यांची डबी ठेवली. पहिल्या दिवशी मी वाजलो, त्यांनी कॉटजवळ तुकडा ठेवला आणि लांब जाऊन बसले. फुकट्या हलला नाही. तुकड्याला मुंग्या लागल्या. काकांनी गुडघे टेकून फरशी पुसली, पुन्हा मला वाजवलं, पुन्हा तुकडा ठेवला. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "तुम्ही जेवून तरी घ्या." काका म्हणाले, "तो जेवल्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तुकडा नाहीसा झाला. मुंग्यांनी नेला नव्हता. जमिनीवर जिभेचा ओला डाग होता.

चुका मात्र थांबत नव्हत्या. सवय म्हणजे काय सहजी जाणारी वस्तू आहे? बोलता बोलता अंगठा चाले आणि स्वयंपाकघरातून काकू ओरडत, "अहो, वाजला! द्या आधी!" की काका चपला शोधाव्या तसे धांदलीने बॅग चाचपत. पहिल्या दिवशी अशा चौदा चुका झाल्या, दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी काकांनाच युक्ती सुचली. त्यांनी मला डाव्या हातात घेतलं. डावा अंगठा कधी कंडक्टर नव्हता. तो अडाणी होता, बावळट होता, पण सांगितल्याशिवाय हलत नव्हता. त्या दिवसापासून मी खोटं बोललो नाही.

पाचव्या दिवशी हनुवटी स्टुलावर आली. सहाव्या दिवशी काकूंनी मानेची कातडी चिमटीत धरली, टक्, तुकडा. मग पेनाचं टोपण टेकवलं, टक्, तुकडा. मग बिनसुईची सिरिंज. आठव्या दिवशी संध्याकाळी फुकट्या अर्धी ताटली जेवला आणि काकूंनी खरी सुई भरली. दवाखाना बंद व्हायला तासभर होता. नाही जमलं तर काका त्याला उचलून नेणार होते, आणि डॉक्टर काय सांगणार ते दोघांना माहीत होतं.

फुकट्याने हनुवटी टेकली. काकू वाकल्या. सुई कातडीपासून दोन बोटांवर असताना फुकट्याने हनुवटी उचलली.

"धरा," काकू पुटपुटल्या. "एवढ्यात होऊन जाईल. धरा हो त्याला!"

काकांचा उजवा हात पुढे झाला. एका हाताने तो कुत्रा सहज दाबून धरता आला असता. पण तो हात वाटेतच थांबला. "नको," काका म्हणाले. "तो थांबा म्हणालाय."

काकूंनी सुई मागे घेतली. फुकट्या दारापर्यंत गेला. उंबऱ्यापाशी उभा राहिला. मग तो वळला, सावकाश चालत आला, काकांकडे एकदा बघितलं आणि आपण होऊन स्टुलावर हनुवटी ठेवली. काकूंनी सुई दिली. तो हलला नाही. टक्, म्हणालो मी. इतक्या जोरात की पट्टी तुटेल असं वाटलं. काकांनी त्याला तुकड्यांची सगळी डबीच दिली आणि भिंतीला टेकून खाली बसले. दोघंही रडत होते, आणि फुकट्या आळीपाळीने दोघांचे हात चाटत होता.

त्यानंतर अडीच वर्षं रोज दोन वेळा ते स्टूल मांडलं गेलं. दवाखान्यातून बाई नव्या लोकांना काकांकडे पाठवू लागल्या. काका मला दाखवत, बेत समजावत आणि शेवटी दम भरत, "आणि हातात धरून उगाच वाजवत बसलात, तर गाठ माझ्याशी आहे." माझ्या कौतुकाचे दिवस ते. दुसऱ्या वर्षी फुकट्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याला दिसेनासं झालं. मग तो भिंतीला अंग घासत चाले, पाण्याचं भांडं नाकाने शोधे. स्टुलापाशी मात्र तो एकदाही अडखळला नाही. काका तिथे उभे राहून मला वाजवत आणि तो आवाजाच्या रोखाने सरळ येई. अंधारात मी त्याच्या उपयोगी पडलो, याचं मला समाधान आहे.

शेवटी मूत्रपिंडं गेली. त्याने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. यावेळी ते भीतीने नव्हतं. डॉक्टर घरी आले. त्यांनी बॅग उघडली आणि नेहमीच्या घाईने म्हणाले, "जरा धरता का त्याला?"

"धरायचं नाही," काका म्हणाले. "तो येईल."

त्यांनी स्टूल मांडलं, बोटाने त्यावर वाजवलं. फुकट्या उठला. चार पावलांना त्याला बराच वेळ लागला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत थांबले. त्याने हनुवटी टेकली. काकांनी मला दाबलं आणि तुकडा त्याच्या ओठांशी धरला. चार दिवस काही न खाल्लेल्या त्या कुत्र्याने तो तोंडात घेतला. चावला नाही, नुसता धरून ठेवला, आणि शेपूट दोनदा हलवली.

मग काकांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मला वाटलं, ते विसरले. सुई झाल्यावर मी वाजायचं असतं, अडीच वर्षांचा आमचा शिरस्ता होता. पण ते विसरले नव्हते. त्यांनी दोन्ही हात फुकट्याच्या मानेवर ठेवले आणि डॉक्टरांना मानेने खूण केली. या सुईनंतर त्याला देण्यासारखं त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं. म्हणून त्यांनी मला वाजवलं नाही.

आता मी कपाटाच्या खणात आहे, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी. पट्टीला गंज धरलाय, वाजलोच तर बसका वाजेन. मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल, मांजर असेल, नाहीतर नुकतं रांगणारं भावंड असेल. त्यांना तुमचं सगळं बोलणं कळत नाही, म्हणून ती तुमच्या आवाजावर आणि हातावर विश्वास टाकतात. रिकाम्या हाताने त्यांना बोलावू नका. आणि कधी चुकून बोलावलंत, तर चूक तुमची होती हे लक्षात ठेवून हातात असेल ते द्या. फुकट्याने माझ्यावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवला. तेवढं मन माझ्यात असतं की नाही, मला सांगता येत नाही.